पंगतीतल्या दोन रिकाम्या जागा

अखंड हरिनाम सप्ताहाचा शेवटचा दिवस. काल्याचं कीर्तन संपलं की मांडवात महाप्रसादाच्या पंगती बसतात. वाढपी भात, आमटी, बुंदी वाढत पुढे सरकतो आणि एका पत्रावळीशी क्षणभर थबकतो. तिथं बसलेल्या बाईचा नवरा कशानं गेला, हे गावाला ठाऊक असतं. तिला कुणी ऊठ म्हणत नाही. पण तिच्या डाव्या-उजव्या हाताच्या दोन जागा शेवटपर्यंत रिकाम्या राहतात. पुढच्या वर्षी ती सप्ताहाला येत नाही.

भारतात आज सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रात आहेत. २००४ पासून सरकारी एआरटी केंद्रांत, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचार केंद्रांत, औषध मोफत मिळतं. त्या दोन रिकाम्या जागा मात्र कुठलंही रुग्णालय भरू शकत नाही. ते काम मंदिराचं, मशिदीचं, चर्चचं, गुरुद्वाऱ्याचं, विहाराचं आहे. त्यासाठी आधी काही गैरसमज मनातून काढायला हवेत.

गैरसमज: प्रसाद, तीर्थ, एकत्र जेवण यांतून लागण होते.

वस्तुस्थिती: एचआयव्ही पसरतो तो असुरक्षित लैंगिक संबंधातून, दूषित रक्तातून, दुसऱ्यानं वापरलेल्या सुईतून आणि बाधित आईकडून बाळाला. लाळ, घाम, अश्रू यांतून तो पसरत नाही. डास चावल्यानंही नाही. म्हणून पंगत, लंगर, इफ्तारचं एकत्र ताट, चर्चमधला एकच प्याला, चंद्रभागेतलं स्नान, वजूचा हौद, दर्शनबारीतली रेटारेटी यांपैकी कशातच धोका नाही.

थायलंडमधल्या बौद्ध भिक्खूंनी हे आचरणातून दाखवलं. चियांग माई परिसरात १९९०च्या दशकात सुरू झालेल्या ‘संघ मेत्ता’ या उपक्रमातले भिक्खू एचआयव्हीबाधितांच्या हातची भिक्षा घेत आणि सगळ्यांच्या देखत जेवत. ते पाहणाऱ्याला वेगळ्या व्याख्यानाची गरज उरत नसे.

काळजी घ्यायची ती दुसरीकडे. जावळ आणि मुंडणाला दरवेळी नवं पातं हवं, जत्रेतल्या गोंदणाला दरवेळी नवी सुई हवी, सुंतेची हत्यारं निर्जंतुक हवीत. नुसत्या एचआयव्हीसाठी नव्हे. रक्तातून पसरणाऱ्या ‘बी’ आणि ‘सी’ प्रकारच्या काविळीसाठीही. देवस्थानच्या विश्वस्तांनी न्हाव्यांच्या ओट्यावर एवढा एक नियम लावला तरी मोठं काम होईल.

गैरसमज: हे पापाचं फळ आहे.

वस्तुस्थिती: हा विषाणू आहे, त्याला कुणाचं पाप-पुण्य कळत नाही. कितीतरी बायकांना लागण झाली ती लग्नाच्या नवऱ्याकडून. लागण घेऊन जन्मलेल्या बाळानं कोणतं पाप केलं? पण एवढ्यावर थांबणं पुरेसं नाही. ‘निष्पाप’ आणि ‘दोषी’ अशी विभागणी केली की उरलेल्यांना आपण पुन्हा मांडवाबाहेर काढतो. आजारी माणसाजवळ बसताना तो कसा आजारी पडला, हे विचारायची गरज नसते.

युगांडातले अँग्लिकन धर्मगुरू गिडियन ब्यामुगिशा यांना १९९२ साली आपल्याला एचआयव्ही असल्याचं कळलं. त्यांनी ते लपवलं नाही, लोकांसमोर उघड सांगितलं. पुढे त्यांच्या पुढाकारानं एचआयव्हीसह जगणाऱ्या धर्मगुरूंचं आफ्रिकाभर जाळं उभं राहिलं. वेदीवर उभा असलेला माणूसच ‘मलाही आहे’ म्हणाल्यावर समोरच्या बाकावर बसलेल्याला तपासणीला जायचा धीर येतो.

गैरसमज: अशा माणसाला वेगळं ठेवलं की बाकीचे सुरक्षित.

वस्तुस्थिती: गोव्यानं हे करून पाहिलं आहे. १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुण रक्तदात्याच्या रक्तात एचआयव्ही सापडला. तेव्हाच्या कायद्याचा आधार घेऊन पोलिसांनी त्याला नेलं आणि म्हापशातल्या क्षयरोग्यांच्या जुन्या इमारतीत ६४ दिवस एकटं डांबून ठेवलं. त्याची आई ल्युसी मुंबई उच्च न्यायालयात गेली. सुटल्यावर डॉमिनिकनं बाधितांसाठी संघटना उभारायला घेतली. १९९२ साली तो गेला. त्याला डांबल्यानं गोव्यातली लागण थांबली नाही. पकडून नेतात हे दिसल्यावर लोक तपासणी टाळतात आणि ज्याला स्वतःचं निदानच ठाऊक नाही त्याच्याकडून लागण पुढे जात राहते.

आता कायदा बाधितांच्या बाजूनं आहे. २०१७चा एचआयव्ही-एड्स प्रतिबंध कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. नोकरी, शाळा, उपचार यांबरोबरच विहिरी, तळी, स्नानाचे घाट, दफनभूमी आणि अंत्यविधी इथंही भेदभाव करायला त्यानं मनाई केली आहे. माणसाच्या संमतीशिवाय त्याची तपासणी करता येत नाही. म्हणजे तिरडीला खांदा द्यायला नकार देणारं गाव माणुसकीला तर मुकतंच, कायद्याच्या हेतूलाही हरताळ फासतं.

गैरसमज: श्रद्धा खरी असेल तर गोळ्यांची गरज नाही.

वस्तुस्थिती: या गैरसमजानं जीव जातात. एचआयव्ही शरीरातून पुरता घालवणारं औषध अजून सर्रास उपलब्ध नाही, पण एआरटीची गोळी विषाणूला दाबून ठेवते. बहुतेकांना दिवसातून एकच गोळी पुरते आणि ती घेणारा माणूस नोकरी करतो, शेत करतो, नातवंडं खेळवतो. अंगाऱ्यावर किंवा प्रार्थनेवर भिस्त ठेवून गोळी सोडली की विषाणू पुन्हा वाढतो आणि पुढे त्याच औषधाला तो जुमानेनासा होण्याची भीती असते. अमुक औषधानं एड्स कायमचा बरा होतो, असा दावा करायला आपल्या औषध नियमांतही बंदी आहे.

प्रार्थनेनं धीर येतो, एकटेपण कमी होतं, आणि तो धीर गोळी नेमानं घ्यायला उपयोगी पडतो. तेव्हा कीर्तनकारांनी स्पष्ट सांगावं की एकादशीला गोळी घेतल्यानं उपास मोडत नाही. मौलानांनी सांगावं की डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ सहरीला किंवा इफ्तारला बांधून घेता येते. आळंदीहून पंढरपूरला पायी निघालेला वारकरी जवळपास तीन आठवडे घराबाहेर असतो. निघण्याआधी एआरटी केंद्रात सांगून पुरेशा गोळ्या पिशवीत घ्याव्यात, हे दिंडीप्रमुखानं सगळ्यांना मिळून एकदा सांगितलं तर कुणाचंही नाव न घेता काम होतं.

गैरसमज: बाधितांनी लग्न करू नये, मूल होऊ देऊ नये.

वस्तुस्थिती: नेमानं उपचार घेतल्यावर रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, म्हणजे व्हायरल लोड, इतकं खाली येतं की तपासणीत तो सापडत नाही. ते तसंच राहिलं तर जोडीदाराला लैंगिक संबंधातून लागण होत नाही. युरोपातल्या १४ देशांत झालेल्या ‘पार्टनर’ या अभ्यासात, एकच जोडीदार बाधित असलेल्या ८८८ जोडप्यांत, निरोध न वापरताही बाधित जोडीदाराकडून एकही लागण झाल्याचं आढळलं नाही. उपचार नसताना बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. वेळेवर उपचार मिळाले तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते. महाराष्ट्रात बाधितांसाठी वधू-वर मेळावेही भरत आले आहेत. दोघांनी एकमेकांना सगळं सांगून केलेल्या लग्नात पौरोहित्य करायला हरकत कसली?

गैरसमज: देवाच्या दारी हा विषय काढणं शोभत नाही.

वस्तुस्थिती: युगांडात १९९२ पासून इमामांना प्रशिक्षण देऊन घराघरांत हा विषय पोहोचवला गेला. दवाखान्यावर विश्वास नसणारी माणसंही इमामाचं ऐकत होती. आपल्याकडेही गणेशोत्सव मंडळं, चर्च, गुरुद्वारे रक्तदान शिबिरं घेतात. तिथं दोन गोष्टी सांगाव्यात: रक्तदानातली सुई नवी असते, त्यामुळे दात्याला लागण होत नाही. आणि स्वतःची तपासणी करून घ्यायला रक्तदान करू नये. लागण ताजी असेल तर ती चाचणीत निसटू शकते. तपासणीसाठी सरकारी रुग्णालयात आयसीटीसी हे मोफत समुपदेशन-तपासणी केंद्र असतं, नाव गुप्त ठेवलं जातं. १०९७ हा मदतीचा क्रमांकही मोफत आहे. निरोधाविषयी बोलायला एखाद्या महाराजांना वा फादरना संकोच वाटत असेल, तर त्यांनी समुपदेशकाचा पत्ता द्यावा. निरोधाविरुद्ध खोटं मात्र सांगू नये.

आणि विश्वासानं कानावर आलेली गोष्ट कानातच राहू द्यावी. एखाद्याला ‘साक्ष’ द्यायला उभं करू नये.

पंढरपुरातच मंगलताई शहा यांची ‘पालवी’ ही संस्था एचआयव्हीसह जन्मलेल्या मुलांना वाढवते आहे. वारीला गेलेल्याला हे काम पाहायला लांब जावं लागत नाही.

येत्या सप्ताहाला त्या बाईला कुणीतरी घरी जाऊन आमंत्रण द्यावं. काल्याच्या दिवशी महाराजांनी आणि सरपंचांनी काहीही न बोलता तिच्या डाव्या-उजव्या हाताला पत्रावळी मांडून घ्याव्यात, आणि वाढप्याकडून आणखी थोडी बुंदी मागून घ्यावी.