मामा तलाव आणि हौशी मासेमारी

महानगरांत गळ टाकून मासे धरणे हा अनेकांचा सुटीचा विरंगुळा असतो. टोकियोत इचिगाया रेल्वे स्थानकालगतच्या तळ्यांवर तासाच्या दराने आकार भरून ही हौस पुरविली जाते. आपल्या राज्यात मुंबईच्या पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनचे सभासद हा छंद जोपासत आले आहेत. पर्यटनवाढीच्या दृष्टीने हीच कल्पना चंद्रपूर-गडचिरोलीच्या तलावांवर राबवावी, असे एखाद्या ग्रामपंचायतीस वाटणे स्वाभाविक आहे. तथापि येथील तलावांचे स्वरूप निराळे आहे.

तलावावर हक्क कोणाचा?

पूर्व विदर्भातील हे तलाव गोंड राजवटीपासून धानाच्या ओलितासाठी बांधले गेले. कोहळी समाज या कामात निष्णात होता. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आल्यावर त्यांना माजी मालगुजारी, म्हणजेच 'मामा' तलाव हे नाव पडले. पाण्यावर पहिला हक्क धानाचा. मासेमारीचा ठेका बहुधा ढिवर, भोई बांधवांच्या सहकारी संस्थेकडे असतो. संस्था पावसाळ्यात रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली सोडते, महिनोन्‌महिने राखण करते आणि पाणी उतरल्यावर जाळे टाकते. म्हणून तलावातील मासा बेवारशी नव्हे. त्यात गरीब कुटुंबांचे भांडवल व श्रम गुंतलेले असतात.

कायद्याचीही यास जोड आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील लघु जलाशयांचे व्यवस्थापन पंचायतींकडे सोपविले. २००६ च्या वनहक्क कायद्याने जलाशयातील मासे व अन्य उत्पन्नावरील सामूहिक हक्क मान्य केले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावास असे सामूहिक वनहक्क २००९ मध्ये मिळाले.

पंचायतींनी काय पाहावे?

हौशी मासेमारीस परवानगी देण्यापूर्वी ग्रामसभेचा ठराव व मच्छीमार संस्थेची संमती घ्यावी. शुल्काचा मुख्य वाटा संस्थेस मिळावा आणि राखणदारी, नाव चालविणे ही कामे तिच्याच सभासदांकडे असावीत. पावसाळ्यातील विणीच्या काळात गळ बंद ठेवावेत. बंदी असलेला विदेशी मांगूर तलावात शिरणार नाही, याची दक्षता घ्यावी. ताडोबासारख्या राष्ट्रीय उद्यानातील जलाशय मात्र या विचारातून सर्वस्वी वगळले पाहिजेत.

शहरवासीयाची हौस एका दिवसाची, तर ढिवर कुटुंबाचा चरितार्थ वर्षभराचा असतो. हा क्रम राखला, तरच हौशी मासेमारी गावास पूरक उत्पन्न देईल. अन्यथा पाहुण्यांच्या करमणुकीपायी घरच्यांचीच भाकरी जाईल.