खडी कशी बसते, यावर स्लॅब ठरतो

घरकुलाचा स्लॅब पडतो त्या दिवशी आपण सिमेंटच्या गोण्या मोजतो. पण आत खडी-वाळू कशी बसली, हे कोण बघतं? आज त्याबद्दलच बोलू या.

मोठ्या पिंपात एकसारखे लाडू टाकून पिंप हलवलं, तर साधारण ६४ टक्के जागा भरते, बाकी पोकळी. अगदी रचून भरले तरी ७४ टक्क्यांच्या वर जाता येत नाही. मग फटींत शेंगदाणे सोडा, वरून रवा सोडा. पोकळी कमी होत जाते. काँक्रीटचंही तसंच. मोठी खडी, बारीक खडी, वाळू आणि सगळ्यांना धरून ठेवणारं सिमेंट. अशा मिळून झालेल्या वस्तूला संमिश्र पदार्थ म्हणतात. मातीत भुसा कालवून लिंपलेली आपली भिंतही त्यातलीच.

मुंबईत अंधेरीहून पवईला गेलं की तलावाजवळ १९५८ साली सुरू झालेली आयआयटी आहे. अशा संस्थांत ही रचना काँप्युटरवर करून बघतात. ती कशी? आधी एक रिकामी पेटी मानायची. प्रत्येक खड्याचा आकार आणि जागा आकड्यांत सांगायची. दोन खडे एकाच जागी आले, तर काँप्युटर एकाला सरकवतो. असं हजारो वेळा चालतं. शेवटी दिसतं, पोकळी कुठे राहिली आणि भार आला तर तडा कुठून जाईल. एकही गोणी न फोडता अनेक मिश्रणं तपासून होतात. मात्र दिलेली माहिती चुकली, तर उत्तरही चुकतं. म्हणून खरा ठोकळा बनवून २८ दिवसांनी दाबून बघावाच लागतो.

आपण यातून काय घ्यायचं? खडी २० आणि १० मिलिमीटर, दोन्ही मापांची मागवा. स्लॅबच्या नेहमीच्या मिश्रणात, म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी, ५० किलोच्या गोणीला ३० लिटरपेक्षा जास्त पाणी नको. ओल्या वाळूतलं पाणीही त्यातच धरा. जादा पाणी उडून जातं आणि मागे छिद्रं ठेवतं. तिथून ओल आत शिरते, गज गंजतो. व्हायब्रेटर फिरवायलाच हवा, पण फार वेळ नको, नाहीतर खडी तळाला बसते. नंतर निदान १० दिवस स्लॅब ओला ठेवा.

गटातल्या कुणाचा स्लॅब असेल, त्या दिवशी दोघी-तिघी तिथे उभ्या राहा. मिस्त्रींना विचारा, “दादा, पाणी मोजून घातलंत ना?” घर आपलं आहे, विचारायला लाजायचं कशाला?