मोडलेल्या नोकरीचा हिशेब

गेल्या दिवाळीत फराळाचे डबे भरता भरता लेकीने विषय काढला. "आई, तू आता नोकरी सोडून दे ना. बाळाला तुझ्यासारखं दुसरं कोण सांभाळणार?"

तिची बाळंतपणाची रजा संपत आली होती. 2017 साली कायदा बदलला म्हणून तिला 26 आठवडे तरी मिळाले, त्याआधी 12 आठवड्यांतच परत जावं लागायचं. पन्नासच्या वर माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय हवी असंही त्याच कायद्यात आलं. तिच्या ऑफिसने मालाडमधल्या एका पाळणाघराशी तसं ठरवूनही ठेवलंय. आता विरारहून सहा महिन्यांचं बाळ घेऊन कुणी गाडीत चढून दाखवावं! शिवाय तिची शिफ्ट दुपारी दोन ते रात्री अकरा.

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तिचा पगार माझ्या तिप्पट. आमचे हे तर लगेच म्हणाले, "बरोबर आहे तिचं. तू किती दिवस दगदग करणार?" मी करंज्यांच्या डब्याचं झाकण लावत बसले. मी पटकन हो म्हटलं नाही याचं तिला नवल वाटलं. आणि खरं सांगते मैत्रिणींनो, मलाही वाटलं.

कारण आजवर मी कायम हो म्हणत आले.

विरार-वसईच्या बाईची नोकरी म्हटली की लोकांना लेडीज स्पेशल आठवते. 5 मे 1992 ला ती चर्चगेट ते बोरिवली सुरू झाली आणि पुढच्या वर्षी विरारपर्यंत आली. तिच्यावर लेख आले, फोटो आले, डब्यातली हळदीकुंकवं गाजली. पण ती गाडी ऑफिसच्या वेळेची, पर्स घेऊन जाणाऱ्यांची. माझी आई आगाशीकडची. आमच्या वाडीतल्या बायका अंधारात मोगरा खुडून पहाटेच्या गाडीने दादरच्या फुलबाजाराला जायच्या आणि आम्ही शाळेला निघायच्या आत परतायच्या. आईला कुणी विचारलं तर ती सांगायची, "मी घरीच असते."

सासूबाईंचं घड्याळ आणखी वेगळं. त्या परळच्या. घरात खाणावळ चालवायच्या, गिरणीतली पंधरा-सोळा माणसं जेवायला. कोण पहिल्या पाळीचा, कोण दुसऱ्या, कोण रात्रपाळीचा, त्यामुळे चूल विझायचीच नाही. त्यांच्या सासूबाई स्वतः गिरणीत वाइंडिंग खात्यात होत्या. एकेकाळी मुंबईच्या गिरण्यांत पाचातली एक कामगार बाई असायची. पुढे त्या कमी कमी होत गेल्या. त्याला कारणं बरीच. यंत्रं बदलली, रात्रपाळ्या वाढल्या आणि बाईने संध्याकाळी सातनंतर कारखान्यात थांबायचं नाही असा नियम होता, 1948 च्या कारखाना कायद्यातही तो राहिला. नियम बाईच्या भल्याचा म्हणून केलेला. पण मालकाला तिन्ही पाळ्यांना चालणारा माणूस हवा असला की तो कुणाला ठेवणार? 18 जानेवारी 1982 ला संप झाला, सासऱ्यांची नोकरी गेली, खाणावळही गेली, आणि पुढे परळची खोली विकून मंडळी नालासोपाऱ्याला आली. आपली अर्धी वस्ती अशीच आलेली आहे.

माझं म्हणाल तर, मी 1996 च्या जूनमध्ये वालीवला एका गाळ्यात लागले. बारावी झालेली, हिशेबाचं थोडं येत होतं. साडेआठ ते पाच, पीएफ कापला जायचा. 1997 साली लग्न झालं, तरी नोकरी चालू ठेवली. 2001 साली लेक पोटात होती तेव्हा सोडली. चार वर्षं आठ महिने झाले होते. जाताना फॉर्म भरून दिला आणि पीएफ, पेन्शनचा भाग, सगळं मिळून सव्वीस हजार रुपये हातात आले. ते खोलीच्या डिपॉझिटला गेले. केवढा आनंद झाला होता तेव्हा! पीएफ काढला तरी पेन्शनची नोकरी खात्यावर ठेवता येते, तसा दाखला मिळतो आणि पुढच्या नोकरीत ती वर्षं जोडली जातात, हे ना साहेबांनी सांगितलं, ना मी विचारलं.

मग नऊ वर्षं नगावरचं काम. खोट्या दागिन्यांना खडे चिकटवायचे. एक ग्रोस म्हणजे 144 नग, आणि ग्रोसमागे चार रुपये. मुलं शाळेत गेली की दोन तास, दुपारी ती झोपली की दोन, रात्री जेवणं उरकल्यावर तीन. त्या सरसाच्या वासाने डोकं चढायचं. सणाच्या आधी माल इतका यायचा की कॉटखाली मावायचा नाही, आणि पावसाळ्यात महिना महिना काही नाही. नालासोपाऱ्यात आजही तुम्ही कुठल्याही चाळीत जा, दारात बसून हे किंवा असलंच काहीतरी चाललेलं दिसेल. माल आणून देणारा माणूस वेगळा, त्याच्या वरचा वेगळा, त्याच्याही वरचा आम्ही कधी पाहिला नाही. घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1996 साली एक करार केलाय, आपल्या देशाने तो अजून स्वीकारलेला नाही. हे मला फार पुढे कळलं. तेव्हा कळलं असतं तरी काय केलं असतं म्हणा!

2010 च्या एप्रिलला धाकटा शाळेत रुळला आणि मी परत गाळ्यात गेले, पॅकिंगला. सहा वर्षं पुरी झाली आणि सासूबाईंना अर्धांगवायू झाला. "कुणीतरी घरी हवं." कुणीतरी म्हणजे कोण, हे आपल्याकडे सांगावं लागत नाही. मी सोडली. पण या वेळी तिथली अकाउंटवाली मुलगी देवासारखी भेटली. म्हणाली, "काकू, पीएफ हवा तर काढा, पण पेन्शनला हात लावू नका. दहा वर्षं झाली की 58 नंतर जन्मभर मिळते." म्हणून ती सहा वर्षं वाचली.

सासूबाई दोन वर्षांनी गेल्या. त्यानंतर मी बोरिवलीला दोन घरी पोळ्यांची कामं धरली. सकाळी सातला पहिलं घर. मार्च 2020 मध्ये गाड्या बंद झाल्या आणि कामं गेली. त्या वर्षी 21 ऑक्टोबरपासून बायकांना गाडीत चढायला परवानगी मिळाली, तुम्हाला आठवत असेल, सकाळी अकरा ते तीन आणि संध्याकाळी सातनंतर. टीव्हीवर केवढं कौतुक झालं! आता ज्यांच्या पोळ्या सकाळी सातला हव्यात त्यांच्याकडे अकराच्या गाडीने जाऊन मी काय करू? त्या घरांनी तोवर जवळची बाई बघितली होती.

हे सगळं एकापाठोपाठ लिहिलं तेव्हा मलाच दिसलं. प्रत्येक वेळी घराचा हिशेब बरोबरच होता. 2001 साली डिपॉझिट हवंच होतं. 2016 साली सासूबाईंना माणूस हवंच होतं. त्या त्या वर्षापुरतं कुणी चुकलं नाही. पण तुकडे जोडायला घेतले तर हातात काय? पहिली नोकरी चार वर्षं आठ महिने, दुसरी सहा वर्षं. पहिली मी पैसे घेऊन पुसून टाकली नसती, तर 2016 सालीच माझी दहा वर्षं झाली असती. आणि मधली खडे चिकटवण्याची, पोळ्यांची, सासूबाईंना उठवण्या-बसवण्याची वर्षं तर कुठल्याच कागदावर नाहीत.

डिसेंबर 2023 मध्ये ओळखीने मला सातिवलीला पुन्हा नोकरी लागली. वय तेव्हा एकोणपन्नास. बायकांना पन्नाशीनंतर गाळ्यात कोण घेतं? या नोकरीची चार वर्षं झाली की माझी दहा पुरी. म्हणजे 2027 चा नोव्हेंबर.

भाऊबीजेनंतर मी लेकीला पीएफचं पासबुक दाखवलं. मोबाइलवर निघतं ते, त्यात पेन्शनचा रकाना वेगळा असतो. मालक भरतो त्या 12 टक्क्यांतले 8.33 टक्के तिकडे जातात. मी तिला गणितही करून दाखवलं. शेवटच्या पाच वर्षांच्या पगाराची सरासरी, गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. माझे 14 हजार धरले तर दहा वर्षांचे होतात महिना दोन हजार.

"आई, दोन हजारांसाठी?" ती म्हणाली. "मी देते ना तुला दर महिन्याला दोन हजार!"

ती देईलही. पोर मनाची मोठी आहे. पण मी म्हटलं, "अगं, तुझे दोन हजार घ्यायला मला तुझ्यासमोर उभं राहावं लागेल. हे घ्यायला लागणार नाही." ती गप्प झाली. मग जरा चिडली. "म्हणजे मी माझी सोडू?" तिथे मला भरून आलं, कारण मला ते अजिबात नको होतं. तिची कॉन्ट्रॅक्टवरची नोकरी आहे, पण पीएफ आहे. माझ्याइतकीच, चार वर्षं पुरी व्हायला आलेत. अगदी तिथेच ती उभी आहे जिथे मी 2001 साली होते. तिला एवढंच बजावलं की नोकरी बदलशील तर जुनं खातं जोडून घे, आणि पैशाची कितीही नड असली तरी पेन्शन काढू नकोस.

मग जावईबापूंना बसवलं. आजवर या चर्चेत ते चहा घेऊन बाल्कनीत उभे होते!

सध्या असं चाललंय. ते सकाळी लवकरची गाडी पकडतात आणि सातपर्यंत घरी येतात. लेक साडेबाराला निघते, रात्री ऑफिसची गाडी सोडते. मी पाचला सुटून रिक्षाने वसई स्टेशन, तिथून विरार, सहाच्या सुमाराला बाळाजवळ. जावई आले की मी घरी. आमचे हे कुकर लावायला शिकलेत, भातात पाणी अजून जास्त पडतं. आणि साडेबारा ते सहा बाळ लेकीच्या मजल्यावरच्या एका ताईकडे असतं. महिना चार हजार ठरलेत. माझी दगदग कमी झाली असं मुळीच नाही, उलट वाढली. कधी गाडी लेट झाली की त्या ताईचं तोंड उतरलेलं असतं, तिच्याही मुलांचा क्लास असतो. लेक आणि मी अजून पूर्वीसारख्या बोलत नाही, हेही लिहूनच टाकते.

या ताईला पहिल्या दिवशी मी विचारलं, "तू काय करतेस गं?" म्हणाली, "काही नाही, घरीच असते." माझं बाळ कडेवर, तिची दोन पायाशी आणि ओट्यावर कुणाच्या तरी डब्याची भाजी!

ती अडतीसची आहे. असंघटित कामगारांसाठी 2019 साली श्रमयोगी मानधन योजना आली, तिच्यात चाळिशीपर्यंतच नाव घालता येतं. वयाप्रमाणे महिन्याला 55 ते 200 रुपये आपण भरायचे, तेवढेच सरकार घालतं, आणि साठीनंतर महिना तीन हजार. माझं वय टळलं, तिची दोन वर्षं आहेत. मी सांगितलं तर दुसऱ्या दिवशी ती प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक घेऊन हजर. बघते तर आधारवर सासरचं नाव, पासबुकावर माहेरचं. आधी ते दुरुस्त करायला हवं. रविवारी गेलो तर केंद्र बंद. इतर दिवशी तिच्याकडे बाळ असतं आणि मी कामावर. येत्या शनिवारी जावयांना सुट्टी आहे, बाळ त्यांच्याकडे देऊन ती एकटीच जाणार आहे. मी तिला फॉर्मवर काय काय लिहायचं ते कागदावर काढून दिलंय.