पत्ता असलेले फोटो

बहात्तरच्या दुष्काळाचा विषय निघाला की खानापूर-आटपाडीकडची म्हातारी माणसं खडी फोडल्याचं सांगतात, सुकडी खाल्ल्याचं सांगतात. त्याच दुष्काळावर आज कुठे लेख छापून आला की शेजारी फोटो असतो तो भेगाळलेल्या जमिनीचा. वर्षानुवर्षं तोच, फार तर कोपऱ्यात डोक्याला हात लावून बसलेला एक शेतकरी वाढवलेला. भेगा पडतात त्या काळ्या रानाला नाहीतर आटलेल्या तळ्याच्या गाळाला. विट्याभोवतीचा मुरमाड माळ भेगाळत नाही, नुसता उघडा पडतो. इथला दुष्काळ बघायचा तर येरळेच्या कोरड्या वाळूत, टँकरची वाट बघणाऱ्या बॅरलच्या रांगेत. 2012-13 साली तो चारा छावण्यांत दिसला, जनावरांच्या दावणीशेजारीच अंथरूण टाकलेल्या माणसांत. ते फोटोही निघाले होते. तालुक्याच्या फोटोग्राफरांनी पदरचं पेट्रोल घालून काढले होते. पण भेगांचा फोटो फुकट मिळतो, म्हणून तोच छापला जातो.

गेल्या पन्नासेक वर्षांत फोटोची किंमत कशी उतरत गेली, हे विट्यासारख्या तालुक्याच्या गावी फार जवळून बघायला मिळालं. स्टुडिओत जाणं हे पूर्वी ठरवून करायचं काम होतं. रंगवलेला पडदा, कृत्रिम फुलांची कुंडी, एक लाकडी खुर्ची. एकशेवीसच्या रोलवर चौकोनी बाराच फोटो निघत, त्यामुळे 'हलू नका' हे दटावून सांगितलं जाई. मग लाल दिव्याच्या खोलीत डेव्हलपर, हायपो, पाण्याचा ट्रे आणि दोरीवर चिमट्यांना लटकणारे ओले कागद. निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने रिटचिंग करणारा माणूस भिंग लावून तासभर एका गालावर बसायचा. देवीचे व्रण किती पुसायचे आणि किती ठेवायचे याचा अंदाज त्याला असे. सगळे पुसले तर घरचे म्हणणार, हा आमचा नव्हेच.

या धंद्याला इथे मोठा आधार होता तो गलाईवाल्यांचा. विटा, खानापूर, आटपाडी भागातली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी तामिळनाडू-केरळपासून पंजाब-बंगालपर्यंत पांगली. पण लग्नकार्य गावी, जत्रा गावी, नव्या घराची वास्तुशांत गावी. वर्षभर मुशीपुढे बसलेला माणूस उन्हाळ्यात गावी आला की फोटोवर हात राखून खर्च करत नसे, कारण परमुलखात भिंतीवर लावायला गाव हवं असे. अल्बम पार्सलने जायचे.

यात एक गंमत आहे, कडवट म्हणावी अशी. कृष्णधवल निगेटिव्हवर चित्र उमटतं ते चांदीचं. वापरलेल्या हायपोतही चांदी उतरते आणि ती परत काढता येते. जुन्या एक्सरे फिल्म आणि निगेटिव्ह किलोवर घेणारे गावोगाव फिरत, ते त्याचसाठी. ज्या मुलखाने चांदी गाळून पोट भरलं, तिथे अडगळ ठरलेल्या निगेटिव्हचा मोह पडायला वेळ कसा लागेल? माणसांचे चेहरे गेले, हातात आली चिमूटभर चांदी.

पुढे रंगीत रोल आले आणि डार्करूमला कुलूप लागलं. रोल लॅबला द्यायचा, पाकीट घेऊन यायचं. डिजिटल कॅमेरा आल्यावर तेही गेलं. याच सुमारास फोटोग्राफरांनी आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला, असं माझं मत आहे. तयार पार्श्वभूमींच्या डीव्हीडी बाजारात आल्या, आणि माळावरच्या मांडवात लागलेलं लग्न अल्बममध्ये स्वित्झर्लंडच्या बर्फात जाऊन बसलं. मांडव कापला, वऱ्हाड कापलं, नवरा-नवरी तेवढे ठेवले. गावातल्या माणसांना मांडवात नेमकं काय होतं ते आज बघायचं असतं. कोण वाढत होतं, कुणाच्या अंगावर कोणतं लुगडं होतं. करिझ्मा अल्बमच्या चकचकीत पानांत ते सापडत नाही. स्वस्त तयार चित्रांची सवय बाहेरच्यांनी लावायच्या आधी आम्हीच लावून घेतली होती.

बाहेर तोवर बाजार बदलला होता. 2000 साली कॅनडात आयस्टॉक हे तयार फोटोंचं संकेतस्थळ सुरू झालं आणि शेकडो डॉलरचा फोटो पुढे डॉलर-दोन डॉलरवर आला. 2003 मध्ये शटरस्टॉकने महिन्याची वर्गणी आणली. 2006 मध्ये गेटीने आयस्टॉक 5 कोटी डॉलरला विकत घेतलं. त्याच वर्षी आपल्याकडे इमेजेसबझारने भारतीय चेहऱ्यांचा साठा उघडला. 2013 ला अनस्प्लॅश आलं, तिथे तर तेव्हा सगळं फुकट. आता फोटो काढावाही लागत नाही, चार ओळी टाइप केल्या की यंत्र तयार करून देतं.

प्रत्येक ठिकाणी फोटोग्राफर हवाच, असं कुणी म्हणणार नाही. डेंग्यूच्या पत्रकावर डास छापायचा तर तो विट्याचाच असण्याची गरज नाही. पण विट्यातला यंत्रमागवाला आपल्या संकेतस्थळावर परदेशी कारखान्याची गुळगुळीत फरशी टाकतो, तेव्हा सुरतेचा व्यापारी काय समजायचं ते समजतो. मागाच्या शेडमध्ये फोटो काढणं अवघड असतं, हे खरं. उजेड पट्ट्यापट्ट्यांनी येतो, कापसाची धूळ लेन्सवर बसते, धोटा थांबवला तर फोटो मेला आणि चालू ठेवला तर हलला. म्हणून तर त्याचे पैसे द्यायचे.

जागेवर जाऊन काढलेल्या फोटोत काय मिळतं, याचा एक लखलखीत दाखला विट्याने पाहिला आहे. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील यांनी 1943 मध्ये भवानीनगरच्या पोलीस ठाण्याबाहेर खोट्या नवऱ्याशी भांडणाचं नाटक केलं होतं. नवरा दगड उगारून मारायला धावला, पोलीस सोडवायला बाहेर आले, तेवढ्यात आतल्या बंदुका साथीदारांनी पळवल्या. पत्रकार पी. साईनाथ 2017 मध्ये विट्यात त्यांना भेटले. नव्वदी ओलांडलेल्या हौसाताईंनी तो प्रसंग पुन्हा करून दाखवला, आणि त्यांची छायाचित्रं व चित्रफीत 'परी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहात राहिली. 2021 मध्ये हौसाताई गेल्या. फोटोंच्या साठ्यात 'महिला स्वातंत्र्यसैनिक' शोधून बघा: पांढऱ्या साडीतली, हातात तिरंगा घेतलेली कुणी मॉडेल मिळेल. नाटकातल्या नवऱ्याने खरंच जोरात मारलं, ही तक्रार तिच्या चेहऱ्यावर कुठून येणार?

आता फोनमध्ये हजारो फोटो असतात, दसऱ्याला रेवणसिद्धाच्या पालख्यांच्या शर्यतीत तर पालखीपेक्षा वर केलेले फोनच जास्त दिसतात. तरी घरातलं माणूस गेलं की पुण्यस्मरणाच्या फ्लेक्ससाठी धड एक फोटो मिळत नाही. मग आधार कार्डावरचा मोठा करतात, नाहीतर लग्नाच्या ग्रुपमधून कापून काढतात. अॅपवर साफ करून घ्यावा तर अॅप सुरकुत्या पुसतं, दात सरळ करतं आणि मुंडाशाचं राजस्थानी पागोटं करून ठेवतं.

जुन्या स्टुडिओंत अजूनही निगेटिव्हचे काही डबे शिल्लक असतील. पाकिटावर तारीख आणि आडनाव, बस्स. गावातल्या वाचनालयाने एक खोली, एक बरा स्कॅनर आणि सवडीचा एखादा निवृत्त गुरुजी एवढी सोय केली तरी काम सुरू होईल. मालकाला ठरवून पैसे द्यावेत, फुकट मागू नये. आणि स्कॅनिंगच्या आधी नावं लिहून घ्यावीत. फोटोतली माणसं ओळखणारे आता ऐंशीच्या पुढे गेले आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांना मोतीबिंदू आहे.