छोटा शिग्रीवरच्या बांबूच्या काठ्या

हिमाचल प्रदेशात, लाहौलमधील चंद्रा नदीच्या खोऱ्यात छोटा शिग्री ही सुमारे 9 किलोमीटर लांबीची हिमनदी आहे. जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील संशोधक आणि विद्यार्थी 2002 पासून तिचा जमाखर्च मांडत आले आहेत. साठलेले हिम ही जमा, वितळून गेलेला बर्फ हा खर्च. मोजणी सप्टेंबरअखेरीस किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला होते. तेव्हा वितळणे थांबत आलेले असते आणि नवे हिम अजून साठायचे असते.

खर्च मोजायचा तो बांबूच्या काठीने. वाफेच्या ड्रिलने बर्फात 10 मीटरपर्यंत भोक पाडतात आणि तारेने जोडलेले दोन-दोन मीटरचे तुकडे आत सोडतात. पृष्ठभाग खाली जातो तशी काठी उघडी पडते. गेल्या वर्षी 1 मीटर बाहेर असलेली काठी यंदा 4 मीटर उघडी निघाली, तर तिथला 3 मीटर बर्फ गेला. घनतेचा हिशेब धरून सुमारे 2.7 मीटर पाणी. वाचन दिसते तितके सोपे नाही. उन्हाने तापलेल्या बांबूभोवती बर्फात खळगा पडतो. टेप त्या खळग्यात टेकवली तर आकडा फुगतो, म्हणून पृष्ठभागावर फळी किंवा कुऱ्हाडीचा दांडा आडवा ठेवून तिथपासून मोजतात. वरचे तुकडे कलंडून आडवे झालेले असले, तरी तारेमुळे जागेवरच सापडतात. तेही मोजायचे असतात. खालच्या टोकाला दगडगोट्यांचा जाड थर आहे. तिथे हवा अधिक उबदार असूनही त्या पांघरुणाखाली बर्फ कमी वितळतो.

जमेसाठी 5000 मीटरच्या वर जावे लागते. तिथे हिमात खड्डा खणून गेल्या उन्हाळ्याचा मळकट थर शोधतात आणि त्याच्या वरच्या हिमाची जाडी व वजन घेतात. विरळ हवेत फावडे चालवणे हाच या मोहिमेतला सर्वांत दमवणारा भाग.

2002 ते 2014 या काळात हिमनदीने दरवर्षी सरासरी अर्ध्या मीटरहून थोडे अधिक पाणी गमावले. त्याआधीच्या दशकात मात्र ती जवळपास स्थिर होती. घटीचा हा निष्कर्ष एका प्रबंधाच्या कालावधीत हाती लागणारा नाही. एकाने रोवलेली काठी पुढच्या तुकडीने वाचायची, असे चालत राहिले म्हणूनच तो निघाला. याच खोऱ्यात सुत्री ढाका येथे गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राने 2016 मध्ये ‘हिमांश’ हे हिमनद्यांच्या अभ्यासाचे केंद्र उभारले.

हिमनदीच्या मुखातून निघणारा ओढा सकाळी शांत असतो आणि दुपारनंतर गढूळ होऊन फुगतो. त्यामुळे प्रवाह ठरावीक वेळांना मोजतात. समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वस्तुमानाचे अणू, तपासण्यासाठी घेतलेल्या पाण्याची बाटली काठोकाठ भरावी लागते. आत हवा राहिली तर बाष्पीभवनाने नमुन्यातील समस्थानिकांचे गुणोत्तर बदलते. त्या गुणोत्तरावरून प्रवाहात पावसाचा, हिमाचा आणि जुन्या बर्फाचा वाटा किती, याचा अंदाज बांधता येतो.

जुन्या हवामानासाठी दरीतले हिमोढ, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेले दगडांचे बांध, तपासतात. माथ्यावरच्या मोठ्या शिळेचा वरचा काही सेंटिमीटरचा पापुद्रा छिन्नी-हातोडीने काढतात. वैश्विक किरणांमुळे त्यातील क्वार्ट्झमध्ये बेरिलियम-10 साठत गेलेले असते. त्याच्या प्रमाणावरून शिळा कधीपासून उघडी आहे ते कळते. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा कालमापनानुसार लाहौलमधला हिमनद्यांच्या विस्ताराचा ‘बातल’ टप्पा सुमारे 15,500 ते 12,000 वर्षांपूर्वीचा आहे. शिळा मधल्या काळात उलटली असेल, तर वय खोटे कमी निघते; म्हणून एकाच बांधावरच्या अनेक शिळांचे नमुने घेतात.