ट्रॅक्टरच्या नांगराचें मर्म

जुना ट्रॅक्टर शेतांत धडधडूं लागला म्हणजे पाहणाऱ्यांचें सारें लक्ष इंजिनाकडे जातें. वस्तुतः नांगरट चांगली होणें हें इंजिनाच्या बळापेक्षां मागच्या नांगराच्या स्थितीवर अधिक अवलंबून असतें. बोथट विळीवर भोपळा चिरतांना किती जोर लागतो, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. नांगराचा न्याय तोच.

नांगराचा फाळ माती आडवी कापतो. त्याच्यापुढें फिरणारी पोलादी चकती तीच माती उभी चिरते. आणि मागची वाकविलेली फळी कापलेला थर उचलून पालथा घालते. फाळाचें टोंक किंचित् खालीं झुकलेलें लागतें. तें झिजलें कीं नांगर जमिनींत ठरत नाहीं. फळी तर आरशासारखी गुळगुळीत हवी. अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानांत चिकण माती नांगराला धरून बसे व ती वारंवार खरडावी लागे. जॉन डीअर या लोहारानें १८३७ सालीं पोलादी फाळाचा, घासून चकचकीत केलेला नांगर बनविला, तेव्हां ती माती आपोआप घसरूं लागली. म्हणूनच जाणता शेतकरी काम संपतांच फळीस वंगण फांसतो. एका पावसाळ्याचा गंज सारी झिलई घालवितो.

याहूनहि महत्त्वाची गोष्ट जोडणीची. १९१७ पासून निघालेल्या फोर्डसन ट्रॅक्टरच्या मागें नांगर नुसता आंकड्यानें अडकवून ओढीत. फाळ खडकांत किंवा मुळांत अडकला कीं मागचीं चाकें अडत, इंजिनाच्या जोरानें ट्रॅक्टरचें तोंड वर उचललें जाई, आणि तो चालकावरच उलथे. कित्येकांचे प्राण असे गेले. आयर्लंडच्या उत्तर भागांतील हॅरी फर्ग्युसन यांनीं नांगर तीन दांड्यांनीं ट्रॅक्टरलाच जोडला. खालच्या दोन दांड्या ओढतात. मातीचा विरोध वाढला कीं वरची दांडी पुढें रेटली जाते, आणि तेलाच्या दाबावर चालणारें यंत्र नांगर किंचित् उचलतें. या रेट्यामुळें ट्रॅक्टरचें तोंडहि खालींच राहतें. या पद्धतीचे ‘टी. ई. २०’ जातीचे ५ लाखांहून अधिक ट्रॅक्टर १९४६ ते १९५६ या काळांत इंग्लंडांतील कॉव्हेंट्री येथें तयार झाले.

तरीहि माणसाची नजर लागतेच. उजवीं चाकें आधींच्या तासांतून चालत असल्यानें ट्रॅक्टर एका अंगास कलतो. उजव्या दांडीचा पेंच फिरवून नांगर मात्र जमिनीशीं समतल बसवावा लागतो. धार, झिलई आणि जोडणी या तिहींवांचून अश्वशक्तीचा आंकडा व्यर्थ होय.