मानवतचे मौन आणि माफीचा साक्षीदार

मराठवाड्यातील लासूर स्टेशनाच्या फलाटावरून पूर्वेकडे जाणारे रूळ, जे निझामाच्या अमदानीत सिकंदराबादेला मनमाडाशी जोडण्यासाठी टाकले गेले, ते औरंगाबाद, जालना आणि सेलू मागे टाकून ‘मानवत रोड’ला पोहोचतात, आणि लासूर गाव व त्याचे स्टेशन यांत जसे अंतर आहे, तसेच मानवत रोड स्टेशनात व मानवत गावात आहे. त्या गावाचे नाव पन्नास वर्षांपूर्वी ज्या भयाने उच्चारले जाई, ते समजून घेण्यास एका इटालियन कादंबरीचे साहाय्य होते.

मिलानच्या मोंदादोरी प्रकाशनाने १९२९ साली पिवळ्या वेष्टनांची रहस्यकथा-मालिका आरंभिली, तेव्हापासून इटलीत अशा कथांना ‘ज्यालो’, म्हणजे पिवळी, हेच नाव रूढ झाले. त्या परंपरेला लेओनार्दो शाशा यांनी १९६१ मध्ये ‘घुबडाचा दिवस’ या अर्थाच्या कादंबरीने वेगळे गांभीर्य दिले. सिसिलीतील एका चौकात, भल्या सकाळी, बसमध्ये चढणारा बांधकाम-ठेकेदार गोळी लागून कोसळतो. पोलीस येतात तोवर उतारू हळूहळू पांगलेले असतात, आणि चण्याच्या पिठाची भजी विकणारा, ज्याच्या डोळ्यांदेखत सर्व घडले, तो गोळी झाडली गेल्याचेच आपणास ठाऊक नसल्यासारखे बोलतो. पार्माहून आलेला कप्तान बेल्लोदी गुन्हेगारापर्यंत पोहोचतो, परंतु वजनदार माणसांच्या छायेत त्याचा पुरावा अखेर विरून जातो.

मानवतमध्येही असेच मौन होते. तेथे, महाराष्ट्रातील दुष्काळाच्या काळात, नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या अवधीत दहा खून झाले: दहा वर्षांच्या आसपासच्या पाच मुली, एक तान्हे मूल आणि चार स्त्रिया. पिंपळाखालचे गुप्तधन व संततीची कामना यांसाठी हे बळी घेतले गेले, असा फिर्यादी पक्षाचा दावा होता. १९६८ साली मुंबईतील रामन राघव या साखळी-खुन्याच्या प्रकरणाचा छडा लावणारे तेथील पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे या प्रकरणाची तहकीकात आली, आणि दहशतीने ओठ शिवलेल्या वस्तीत एकेक जबानी मिळविणे, हेच तिचे खरे कर्म ठरले.

परंतु जबानी मिळाली म्हणजे गुन्हा शाबीत झाला, असे नव्हे. गुन्ह्यात स्वतः सामील असलेला माणूस माफीच्या वचनावर बोलू लागतो, तेव्हा स्वतःची मान सोडविण्यासाठी तो दुसऱ्याची अडकवीत नाही ना, हा संशय न्यायाधीशाने बाळगावाच लागतो. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांच्या निकालपत्रातून, हेच तत्त्व या खटल्यात विशद केले: माफीच्या साक्षीदारास महत्त्वाच्या मुद्द्यांवर, आणि प्रत्येक आरोपीपुरती स्वतंत्रपणे, अन्य पुराव्याची पुष्टी हवी. काहींचा अपराध शाबीत झाला, काही निर्दोष ठरले. लोकांच्या मनातील खात्री व न्यायालयातील सिद्धता यांमधील हे अंतर पुष्कळांना बोचले असेल. तथापि तेच अंतर निरपराध्याचा गळा वाचविते, म्हणून ते राखलेच पाहिजे.

ते अंतर न्याय्य मार्गाने कमी करणे मात्र शेजाऱ्यांच्या हाती असते. २०१३ मध्ये महाराष्ट्राने नरबळी व जादूटोण्याविरुद्ध कायदा केला. पण कोणताही कायदा चौकात उभा राहून पाहत नाही, माणूस पाहतो. ज्याने गुन्हा केला नाही, केवळ पाहिला, त्याची निर्भय साक्ष पहिल्याच दिवशी पोलीस-जबाबात नोंदली गेली, तर आरोपीच्या सोबत्यास माफी देण्याची पाळी क्वचितच येईल. अशी साक्ष देणारा आपल्याच स्टँडवरचा एखादा भजीवाला असू शकतो. त्याला बोलण्याचे बळ देणे, आणि तो बोलल्यावर त्याच्या पाठीशी उभे राहणे, हे आपणा सर्वांचे काम आहे.